घराजवळ गांधिलीचे पोळे : आधी ओळखा, मग हात घाला



पाऊसकाळ सरत आला, की आपल्या सोलापूर जिल्ह्यात रब्बी ज्वारीच्या पेरणीची गडबड सुरू होते. गोठ्याच्या आढ्याला अडकवलेली दावी-दोर खाली काढायची, कोपऱ्यात पडलेली तिफण बाहेर घ्यायची, कडब्याची जुनी गंज उसकटायची. वर्षभर न हललेल्या वस्तूंना आपण नेमका याच दिवसांत हात घालतो, आणि नेमकी याच दिवसांत गांधिलींची पोळी भरात असतात. मग कुणाचा ओठ सुजतो, कुणाचा डोळा मिटतो आणि घरातला एखादा तापट गडी पेटता टेंभा घेऊन पोळ्याकडे निघतो. तो टेंभा पेटवायच्या आधी दोन गोष्टी ऐकून घ्याव्यात, एवढ्यासाठी आजचे हे बोलणे.

पहिली गोष्ट अशी, की घराला चिकटलेले प्रत्येक पोळे गांधिलीचे नसते, आणि प्रत्येक गांधील सारखी नसते. तेव्हा प्रथम बिऱ्हाड कोणाचे आहे ते ओळखायला शिकू.

पहिले बिऱ्हाड कुंभारणीचे. खिडकीच्या चौकटीला, देवळीत, माळवदाच्या तुळईला मातीचे गोळे किंवा मातीच्या नळ्या चिकटलेल्या दिसतात. हिची कंबर दोऱ्यासारखी बारीक असते. ही एकटी राहते. ओली माती आणून घर बांधते, त्यात कोळी किंवा अळ्या बधिर करून भरते आणि त्यावर अंडे घालून तोंड लिंपून टाकते. तिच्या पिल्लाची ती शिदोरी. हिला राखणदार नसतात, त्यामुळे हातात धरल्याशिवाय ही सहसा डसत नाही. हिच्यापासून घराला धोका नाही. मातीचा गोळा नकोच असेल, तर दिवसा खुरप्याने खरवडून टाकला तरी चालतो.

दुसरे बिऱ्हाड कागदी पोळ्याच्या गांधिलीचे. पत्र्याखाली, छपराच्या वाशाला, बोरीच्या किंवा डाळिंबाच्या फांदीला एका बारीक देठावर लोंबणारे, राखाडी रंगाचे, खालून उघडे पोळे असते. सूर्यफुलाचे वाळके फूल उलटे टांगावे तसे दिसते. माशी सडपातळ, पिवळसर किंवा तांबूस असते आणि उडताना तिचे लांब पाय खाली लोंबतात. एका पोळ्यावर दहा-वीसपासून कधी शंभराच्या आसपास माश्या असतात. पोळ्याला धक्का लागला तरच त्या अंगावर येतात.

हे पोळे खरोखरीच कागदाचे असते बरं का. ही माशी वाळक्या लाकडाचा, कडब्याचा भुसा जबड्याने कुरतडते, थुंकीत कालवते आणि त्याचा पातळ पापुद्रा पसरते. फ्रान्समधील रेओम्यूर या शास्त्रज्ञाने १७१९ साली हे पाहून सांगितले, की चिंध्यांऐवजी लाकडापासून कागद करता येईल. त्या काळी कागद चिंध्यांपासून होत असे. लाकडाचा लगदा करण्याची युक्ती जर्मनीत प्रत्यक्षात यायला पुढे सव्वाशे वर्षे गेली.

तिसरे बिऱ्हाड मोठ्या गांधिलीचे, आणि हेच खरे जपून राहण्याचे. ही अंगाने जाड, इंचभर लांब असते. एक जात तांबूस-तपकिरी, पोटावर पिवळा पट्टा असलेली. दुसरी काळी, पोटावर एकच ठळक पिवळा पट्टा असलेली. यांचे पोळे बाहेर लोंबत नाही. जमिनीतल्या जुन्या बिळात, मातीच्या भिंतीच्या पोकळीत, विहिरीच्या कपारीत, बांधाच्या दगडांत किंवा झाडाच्या ढोलीत असते. वरून फक्त एक भोक दिसते आणि त्यातून माश्यांची सारखी ये-जा चालू असते. आत थरावर थर असतात आणि माश्या शेकड्यांनी असू शकतात. नांगराचा किंवा ट्रॅक्टरचा हादरा बसला, तरी त्या उठतात.

चौथे बिऱ्हाड मधमाशीचे. उंच झाडाला, पाण्याच्या टाकीला, कड्याला हात-दोन हात रुंद एकच मोठे पोळे लोंबते, ते आग्या मोहोळ. झुडपाच्या काडीभोवती तळहाताएवढे असते, ते फुलोरीचे. ढोलीत किंवा भिंतीत समांतर पोळी असतात, ती सातेरीची. मधमाशीच्या अंगावर बारीक लव असते, गांधील मात्र चकचकीत दिसते. मोहोळ जाळू नये आणि त्यावर औषधही मारू नये. आपले सूर्यफूल, कांद्याचे बियाणे, डाळिंब यांची फळधारणा या माशीवर मोठ्या प्रमाणात अवलंबून आहे. सातेरीचे मोहोळ पेटीत भरून नेणारे मधपाळ असतात. आपल्याच राज्यात महाबळेश्वरजवळचे मांघर हे २०२२ साली मधाचे गाव म्हणून जाहीर झाले, ते याच माशीच्या जोरावर. आपल्या जिल्ह्यात तर मोहोळ नावाचा तालुकाच आहे, तेव्हा मोहोळाचा मान आपण राखलाच पाहिजे!

ओळख पटली, की दुसरा प्रश्न : पोळे काढायचे की राहू द्यायचे?

गांधील ही आपली शत्रू एवढेच समजू नका. मोठी झालेली माशी गोड रसावर जगते, पण पिल्लांना ती अळ्या आणि किडे भरवते. तुरीवरची, कपाशीवरची अळी ती उचलून नेते, चावून तिचा गोळा करते आणि पोळ्यावर नेऊन देते. आपण जे काम पंपाने करतो, त्यातले थोडे ती फुकट करते. दुसऱ्या बाजूने, पिकलेली द्राक्षे आणि तडकलेली डाळिंबे ती पोखरते, आणि मोठी गांधील मधपेटीच्या दारात बसून मधमाश्या पळवते. मधपेट्या ठेवणाऱ्यांनी पेटीचे दार बारीक करावे आणि आसपास मोठ्या गांधिलीची बिळे आहेत का, ते शोधावे.

म्हणून साधा हिशोब करा. पोळे लांबच्या बांधावर, उंच झाडावर, माणसांच्या आणि जनावरांच्या वाटेपासून दूर असेल, तर राहू द्या. दारात, न्हाणीघरात, पाणवठ्याच्या वाटेवर, शाळेच्या किंवा अंगणवाडीच्या छपराखाली, जनावर बांधायच्या जागी असेल, तर काढा. आणि घरात आधी कधी डंखाने सर्वांगाला त्रास झालेले माणूस असेल, तर वस्तीच्या आवारातले पोळे काढाच.

या शेवटच्या मुद्द्यावर थोडे थांबतो, कारण जीव जातो तो इथे.

फिरतीत असताना एका वस्तीवर बाईंनी आम्हाला न्हाणीच्या दाराशी लोंबणारे पोळे दाखवले. पोळे लहान, तळहातापेक्षाही लहान. घरातले म्हणाले, "एवढंसं तर आहे, राहू द्या की." बोलता बोलता बाईंनी सांगितले, की गेल्या साली कडबा ओढताना एकच गांधील डसली होती. डंख मनगटावर, पण गांधी उठल्या साऱ्या अंगावर. ओठ जड झाले, उलटी झाली, डोळ्यांपुढे अंधारी आली. घरच्यांनी उष्णता झाली म्हणून कांद्याचा रस दिला, तासाभराने उतार पडला आणि सगळे विसरून गेले. बाई मात्र विसरल्या नव्हत्या. आठ दिवस त्या न्हाणीत न जाता मागच्या अंगणात आडोसा करून आंघोळ करत होत्या, पण कुणाला बोलल्या नाहीत. त्या रात्रीच पोळे काढले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांना रुग्णालयात पाठवले, म्हणजे पुन्हा डंख झाला तर काय करायचे, हे डॉक्टरांकडूनच समजावे.

आपल्या भाषेत गांधील डसली की गांधी उठतात, असे आपण सहज म्हणतो. पण फरक ध्यानात घ्या. गांधी डंखाच्या जागी उठली, ती जागा सुजली, खाजली, दोन दिवस दुखली, तर ते नेहमीचे. डंख एका जागी आणि गांधी साऱ्या अंगावर, हे धोक्याचे. अशा माणसाला पुढचा एकच डंखही प्राणावर बेतू शकतो. त्याच्यासाठी लहान पोळे आणि मोठे पोळे हा भेद उरत नाही. आज घरी गेल्यावर प्रत्येकाने घरात विचारा, विशेषतः सुनांना, म्हाताऱ्यांना आणि सालगड्यांना, की कुणाला असे कधी झाले आहे का.

आता पोळे काढायची रीत. ही फक्त कागदी पोळ्याच्या लहान गांधिलीसाठी आहे, आणि तीही पोळे तळहाताएवढे असेल, जमिनीवर उभे राहून पोचता येत असेल तरच. शिडीवर किंवा झाडावर चढून हे काम करू नये. डंख बसला, तर माणूस माशीच्या विषाने नव्हे, पडून जायबंदी होतो. ज्याला पूर्वी त्रास झाला आहे, त्याने हे काम करू नये.

वेळ अंधार पडल्यानंतर तासा-दीड तासाने. तेव्हा सगळ्या माश्या पोळ्यावर परतलेल्या आणि सुस्त असतात. दिवसा काढले, तर निम्म्या बाहेर असतात आणि परतून घिरट्या घालतात. पोरेबाळे घरात, दारे-खिडक्या बंद. जवळची जनावरे आधीच दूर नेऊन बांधा. अंगात जाड पँट, दोन पूर्ण बाह्यांचे सदरे, पायात गमबूट, हातात जाड मोजे, डोक्यावर रुंद टोपी आणि त्यावरून मच्छरदाणीचे कापड गळ्यापर्यंत. विजेरी हातात धरू नका, कारण माश्या उजेडाकडे येतात. ती बाजूला जमिनीवर ठेवा आणि तिच्यावर लाल जिलेटिनचा कागद बांधा. लाल उजेड माश्यांना नीटसा दिसत नाही. बरोबर एक माणूस थोड्या अंतरावर उभा असावा, आणि मागे पळायची वाट मोकळी असावी.

औषध म्हणाल, तर साबणाचे पाणी. लिटरभर पाण्यात दोन-तीन मोठे चमचे भांडी घासायचा पातळ साबण मिसळा. साबणाच्या पाण्याने माशीचे पंख ओले होतात आणि अंगावरची श्वासाची छिद्रे बंद होतात. पंप मात्र स्वच्छ हवा, तणनाशकाचा नको. पोळ्याच्या अगदी खाली न उभे राहता एका बाजूने, एकदम भरपूर, पोळे निथळेपर्यंत मारा. थोडे मारून थांबलात, तर त्या उठतील. पंधरा-वीस मिनिटांनी लांब काठीने देठ तोडून पोळे बादलीतल्या साबणपाण्यात पाडा आणि सकाळी पुरून टाका. देठाची जागा साबणाने घासून तिथे थोडे ग्रीस लावा. एक-दोन दिवस चुकार माश्या त्या जागी फिरतील, मग निघून जातील.

मोटारीच्या पेटीत, मीटरजवळ पोळे असेल, तर पाणी मारू नका. वीज आणि पाणी यांचा मेळ घालायचा नाही. वीज बंद केल्याशिवाय पेटीला हात लावू नये, आणि ते काम वायरमनला सांगून करावे.

राणी मारली की पोळे मोडले, असेही काहींना वाटते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत डॉ. राघवेंद्र गदगकर यांनी आपल्याकडे सर्रास आढळणाऱ्या एका लहान गांधिलीचा कित्येक वर्षे अभ्यास केला. त्यात दिसले, की राणी गेली तर पोळ्यातलीच दुसरी माशी लगोलग तिची जागा घेते. म्हणून काढायचे, तर पोळे पूर्ण काढावे. अर्धे काम केल्याने फक्त माश्या चिडतात.

मोठ्या गांधिलीच्या बिळाला मात्र स्वतः हात घालू नका. दिवसा लांबून जागा पाहून ठेवा, वाटेवर बाभळीची फांदी टाकून ती बंद करा, तेवढा तुकडा नांगरायचा राहू द्या. ग्रामपंचायतीला कळवा, नगरपालिका किंवा महापालिकेच्या अग्निशमन दलाकडे किंवा कीडनियंत्रणाचे शिक्षण घेतलेल्या माणसाकडे विचारणा करा. भोक मातीने बुजवू नका. भिंतीतल्या माश्या दुसरीकडून कुरतडून बाहेर पडतात, आणि ती दुसरी बाजू घरातली असू शकते.

काय करू नये, तेही सांगतो. टेंभा लावू नये. माळवदाखाली कडबा आणि गोठ्यात जनावर असताना पोळे जाळणे म्हणजे उंदरासाठी घर पेटवणे. बिळात पेट्रोल, रॉकेल ओतू नये. त्याने आग लागते आणि विहिरीचे पाणीही नासते. कपाटात उरलेले जुने कीटकनाशक घरात मारू नये. डायक्लोरव्हॉससारखी काही औषधे पूर्वी घरोघरी असत. त्यांचा वापर भारतात ३१ डिसेंबर २०२० पासून बंद झाला आहे, तरी जुन्या बाटल्या कुठे कुठे सापडतात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते उघड्या रानात. मग बंद खोलीत, चुलीशेजारी तीच औषधे मारणे किती घातक, याचा विचार करा.

माश्या उठल्याच, तर हातवारे करू नका आणि माशी चिरडू नका. चिरडलेल्या माशीच्या विषाच्या वासाने बाकीच्या अधिक चवताळतात. उपरणे किंवा पदर तोंडावर घेऊन सरळ घरात किंवा गाडीत शिरा आणि दार लावा. विहिरीत उडी मारू नका. माश्या वर घिरट्या घालत राहतात आणि माणूस बुडतो. दावणीला बांधलेल्या जनावराला पळता येत नाही, म्हणून पोळे असलेल्या झाडाखाली जनावर बांधूच नका, आणि दाव्याला नेहमी एका झटक्यात सुटणारी गाठ मारा.

आता डंखावरचा उपचार. मधमाशीची नांगी कातडीत अडकून राहते. ती नखाने किंवा चिमटीने, जशी निघेल तशी, पण लगेच काढा. गांधिलीची नांगी अडकत नाही, म्हणून ती पुन्हा पुन्हा डसू शकते. जागा साबण-पाण्याने धुवा, गार पाण्याचे फडके दहा-पंधरा मिनिटे ठेवा. हाताला डंख असेल, तर अंगठी-बांगड्या आणि पायाला असेल, तर जोडवी सूज यायच्या आत काढा. शेण, माती, रॉकेल लावू नका, कापू नका, चोखू नका.

पण साऱ्या अंगावर गांधी, ओठ-जीभ-घसा सुजणे, आवाज बसणे, धाप लागणे, उलट्या, चक्कर यांतले काहीही दिसले, तर घरगुती उपचारात एक मिनिटही घालवू नका. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या वाहनाने जवळचे आरोग्य केंद्र गाठा. अशा वेळी मांडीत दिलेले ॲड्रिनलिनचे इंजेक्शन जीव वाचवते, आणि ते पहिल्या काही मिनिटांत मिळणे महत्त्वाचे असते. रोग्याला चालवू नका. आडवे निजवून पाय उंच ठेवा, धाप लागत असेल तर टेकून बसवा. तोंडात किंवा घशात डंख झाला असेल, तर लक्षणांची वाट पाहू नका.

मोठ्या माणसाला वीस-तीस डंख झाले, लहान मुलाला त्याहून कमी झाले, तरी रुग्णालयात न्या, मग माणूस चांगला बोलत असला तरी. पुढचे दोन-तीन दिवस लघवीवर लक्ष ठेवा. लघवी लाल किंवा काळ्या चहासारखी झाली, कमी झाली, तर मूत्रपिंडावर परिणाम होत आहे असे समजून त्वरित डॉक्टरांकडे जा.

आणि सगळ्यांत स्वस्त उपाय म्हणजे पोळे वाढूच न देणे. उन्हाळ्याच्या अखेरीपासून पंधरा दिवसांतून एकदा वस्तीभोवती फेरी मारा. छपराखाली, न्हाणीत, मोटारीच्या पेटीभोवती, उभ्या ट्रॉलीखाली, पोकळ पाइपात पाहा. सुरुवातीला पोळे रुपयाएवढे असते आणि त्यावर एखाद-दुसरीच माशी असते. तेव्हा ती उडून गेली असताना लांब काठीने पोळे पाडणे सोपे जाते. भिंतीच्या भेगा लिंपा, पाइपांची तोंडे बंद ठेवा, आणि गंजीत हात घालण्याआधी काठीने दोनदा ठोकून, मागे सरून पाहा.

थोडक्यात ध्यानात ठेवायचे ते असे :

१) मातीचे घर कुंभारणीचे, त्याला भिऊ नका. मोहोळ मधमाशीचे, ते मारू नका.

२) वाटेपासून दूरचे पोळे राहू द्या. दाराजवळचे लहान पोळे रात्री, साबणपाण्याने काढा.

३) बिळातल्या, भिंतीतल्या मोठ्या गांधिलीला जाणत्या माणसाकडूनच हात लावा.

४) आग, रॉकेल आणि जुने विषारी औषध वर्ज्य.

५) डंख एकीकडे आणि गांधी साऱ्या अंगावर, तर १०८.

याविषयी आणखी काही विचारायचे असेल, तर आपल्या सहायक कृषी अधिकाऱ्याला भेटा, जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात जा, किंवा किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या क्रमांकावर मराठीतून विचारा. हे पत्रक घरात मोठ्याने वाचून दाखवा, आणि मग दाराशी, न्हाणीपाशी, गोठ्यात एकदा मान वर करून पाहा.